दवाखान्यापर्यंतचे तास

युद्धाच्या बातम्यांत आरोग्यसेवा बहुतेक एकाच रूपात येते: रुग्णालयावर हल्ला झाला, इतके दगावले. ही बातमी यायलाच हवी. ३ ऑक्टोबर २०१५ च्या पहाटे अफगाणिस्तानातल्या कुंडूझ शहरात 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' संस्थेच्या रुग्णालयावर अमेरिकी विमानाने सुमारे तासभर मारा केला. ४२ माणसं गेली. त्यांत रुग्ण होते, त्यांच्यासोबत आलेले नातेवाईक होते, डॉक्टर आणि नर्स होत्या. रुग्णालय नेमकं कुठे आहे हे आधीच कळवलेलं होतं. अशा हल्ल्यांची नोंद आणि चौकशी होणं अत्यंत गरजेचं आहे.

पण एकही बॉम्ब न पडता बंद झालेल्या दवाखान्यांची बातमी होत नाही, आणि उपचारांना मुकलेल्यांत मोठा वाटा याच दवाखान्यांच्या रुग्णांचा असतो. इथिओपियातल्या टिग्रे भागात नोव्हेंबर २०२० मध्ये युद्ध सुरू झालं. त्यानंतरच्या काही महिन्यांत याच संस्थेच्या पथकांनी १०६ आरोग्यकेंद्रं पाहिली. नुकसान झालेली होती ३० टक्क्यांहून थोडी जास्त, लुटलेली जवळपास ७० टक्के. नीट चालू होती फक्त १३ टक्के. म्हणजे बऱ्याच ठिकाणी भिंती आणि छप्पर शाबूत होतं, पण आत औषध नव्हतं, खाटा नव्हत्या, रुग्णवाहिका पळवलेली होती आणि कर्मचारी निघून गेले होते. साधारण दर पाचांतल्या एका केंद्रात सैनिक मुक्कामाला होते. नकाशावर ही सगळी केंद्रं 'आहेत' अशीच दिसतात.

म्हणून किती इमारती उरल्या हा प्रश्न मला अपुरा वाटतो. त्याहून उपयोगी प्रश्न असा: या आजारात माणसाच्या हातात किती वेळ असतो, आणि त्यातला किती वेळ संघर्षाने वाटेतच खाल्ला?

सगळ्यांत कमी वेळ बाळंतपणात असतो. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव थांबवला नाही तर साधारण दोन तासांत बाई दगावू शकते. प्रसूतीआधीच्या रक्तस्रावात बारा तास, गर्भाशय फाटल्यास एक दिवस, झटके येत असतील तर दोन दिवस, बाळंतपण अडलं तर तीन दिवस, जंतुसंसर्गात सहा दिवस. हे सरासरीचे अंदाज आहेत, पण नियोजन त्यांच्यावरच बेतलेलं असतं.

त्या दोन तासांत काय काय बसवायचं ते पाहा. आधी घरात निर्णय व्हावा लागतो. रात्रीची संचारबंदी असेल तर घरची माणसं उजाडण्याची वाट पाहतात, कारण बाहेर पडल्यावर गोळी लागण्याची भीती खरी असते. मग गाडी आणि तिच्यात इंधन. मग रस्त्यावरची नाकी. प्रत्येक नाक्यावर चालकाची कागदपत्रं, सोबतच्या पुरुषाची कागदपत्रं, गाडीची झडती. तरुण पुरुषांना नाक्यावरच उचलत असतील तर नवरा किंवा भाऊ सोबत यायला धजत नाही, आणि एकट्या बाईने निघावं असं घरच्यांना वाटत नाही. काही सीमारेषांवर एका बाजूची रुग्णवाहिका पलीकडे जाऊच शकत नाही. तिथे रुग्णाला एका गाडीतून काढून दुसरीत ठेवतात. या अदलाबदलीत सलाईन निघतं, ऑक्सिजनची नळी सुटते, आणि सोबत आलेली नर्स मागेच राहते. शेवटी रुग्णालय गाठलं तरी तिथे भूलतज्ज्ञ हवा, रक्त हवं, वीज हवी. निर्णयाला उशीर, पोहोचायला उशीर, पोहोचल्यावर उपचारांना उशीर, हे मातामृत्यूंचे तीन टप्पे शांततेतही असतात. संघर्षात तिन्ही एकाच रात्रीत येतात.

याचं गणित मांडता येतं, आणि वेळ न घालवता मांडायला हवं. १०,००० विस्थापितांच्या वस्तीत तीन महिन्यांत साधारण १०० बाळंतपणं धरतात आणि त्यांतल्या १५ जणींना गंभीर गुंतागुंत होईल असं मानतात. या १५ जणी कोण असतील हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे दोन गोष्टी बरोबरीने कराव्या लागतात. एक, रस्ता बंद झाला तरी हाताशी असेल असं काहीतरी वस्तीतच ठेवायचं: प्लास्टिकची चादर, साबण, हातमोजे, निर्जंतुक ब्लेड, नाळ बांधायला दोरे आणि बाळ गुंडाळायला सुती कापड एवढाच सुरक्षित बाळंतपणाचा संच, आणि प्रशिक्षित कार्यकर्तीकडे मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या. बाळ जन्मल्यावर लगेच घेतल्या तर अतिरक्तस्राव टाळायला त्यांचा उपयोग होतो, आणि त्यांना फ्रिज लागत नाही. फक्त पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री आधी करावीच लागते. दोन, सातव्या-आठव्या महिन्यातच जोखमीच्या बायका ओळखून शेवटच्या आठवड्यांत त्यांची राहायची सोय शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा रुग्णालयाजवळ करायची.

ऑक्सिटोसिन हे याच कामाचं पहिल्या पसंतीचं इंजेक्शन, पण ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. उन्हात तापलेल्या ट्रकमधून आलेलं ऑक्सिटोसिन दिसायला अगदी तसंच दिसतं. त्याचा जोर गेलाय हे कळतं ते रक्तस्राव थांबत नाही तेव्हा. जिथे फ्रिजची खात्री नाही तिथे प्रतिबंधासाठी उष्णता सोसणारं कार्बेटोसिन मागवावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींत ते २०१८ पासून आहे. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव सुरू झाल्यावर तो आवरणारं दुसरं साधं, फ्रिज न लागणारं औषध. मात्र ते बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत द्यावं लागतं, नंतर त्याचा फायदा उरत नाही. इथेही मुद्दा वेळेचाच.

जखमींचं गणित वेगळं. हातापायातून भळाभळा रक्त वाहत असेल तर टुर्निकेटचा पट्टा आवळून जीव वाचतो, पण दोन तासांपुढे त्या अवयवाचं नुकसान वाढत जातं आणि सहा तासांपुढे तो अवयव बहुधा वाचत नाही. टुर्निकेट वापरण्याची पद्धत ठरली ती रुग्ण लवकर रुग्णालयात पोहोचेल असं धरून. ड्रोनमुळे दिवसा गाडी हलवता येत नसेल आणि जखमीला अंधार पडेपर्यंत थांबावं लागत असेल, तर तोच पट्टा पाय घालवतो. म्हणून पट्टा बांधल्याची वेळ रुग्णाच्या अंगावर ठळक लिहायची, आणि प्रशिक्षित माणूस सोबत असेल व रुग्णाची अवस्था तशी असेल तर दोन तासांच्या आतच घट्ट दाबपट्टीवर जाता येतं का हे तपासायचं.

पुढची चूक शस्त्रक्रियेत होते, आणि ती अनुभवी सर्जनही करतात. अपघाताची स्वच्छ जखम शिवायची सवय हाताला असते. स्फोटाच्या किंवा गोळीच्या जखमेत माती, कापडाचे धागे, हाडाचे तुकडे आणि मेलेलं स्नायू असतं. ती पहिल्याच दिवशी टाके घालून बंद केली तर आत जंतू वाढतात, पू होतो, गॅस गँगरीन होऊ शकतं. रीत अशी: मेलेला भाग कापून काढायचा, भरपूर पाण्याने धुवायचं, जखम उघडी ठेवून जाड कोरडी पट्टी बांधायची, धनुर्वाताचं संरक्षण द्यायचं, आणि चार-पाच दिवसांनी पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन स्वच्छ असेल तरच शिवायची. मधल्या दिवसांत रोज पट्टी उघडून पाहायची नाही, कारण तसं केल्याने जंतूंना वाटच मिळते. हे न करता नुसती प्रतिजैविकं वाढवत नेली की औषधांना न जुमानणारे जंतू त्या वॉर्डात तळ ठोकतात.

एका मांडीच्या हाडाच्या जखमेला अनेक आठवडे खाट लागते आणि पुन्हा पुन्हा थिएटर लागतं. तीस खाटांच्या सर्जिकल वॉर्डात असे वीस रुग्ण आले की हर्निया अडकलेला माणूस, अपेंडिक्स फुटलेली मुलगी आणि सिझेरियनची बाई यांच्यासाठी जागाच राहत नाही. ही माणसं युद्धाच्या आकड्यांत कधीच मोजली जात नाहीत.

आता रुग्णालयाच्या आत जाऊ. तिथे सगळ्यांत आधी डिझेल संपतं. १०० केव्हीएचा जनरेटर पाऊण भारावर तासाला साधारण १५ ते १८ लिटर डिझेल घेतो, म्हणजे दिवसाला जवळपास ४०० लिटर. २,००० लिटरची भरलेली टाकी म्हणजे पाच दिवस. ही मोजणी सगळे करतात. विसरलं जातं ते पुढचं. बहुतेक रुग्णालयांतले जनरेटर अधूनमधून वीज गेली तर चालवायचे असतात, चोवीस तास चालण्यासाठी ते बनवलेले नसतात. साधारण दर २५० तासांनी तेल आणि फिल्टर बदलायचे असतात. सलग चाललं तर ही पाळी दहा दिवसांनी येते. ढिगाऱ्यांच्या धुळीत हवेचा फिल्टर त्याहून लवकर तुंबतो. वेढा पडलेल्या शहरात डिझेलचा टँकर वाटाघाटी करून आत येतो, पण फिल्टर, इंजिन ऑइल आणि बॅटरी यादीतच नसतात. काही ठिकाणी पंप, जनरेटरचे सुटे भाग किंवा क्लोरीन सैन्याच्याही कामाचे म्हणून महिनोन् महिने अडवले जातात. मग टाकीत डिझेल असूनही जनरेटर बंद पडतो.

उलटी चूकही होते: मोठा जनरेटर फारच कमी भारावर, ३० टक्क्यांच्या खाली, दिवसचे दिवस चालवला की न जळलेलं इंधन आणि काजळी साचून इंजिन खराब होतं. म्हणून एक मोठा ठेवण्यापेक्षा लहान-मोठे दोन ठेवणं केव्हाही बरं. वायरिंगही वेगळं हवं. शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता, नवजात कक्ष, प्रयोगशाळा, रक्ताचा आणि लसीचा फ्रिज यांची लाइन स्वतंत्र असेल तर बाकी इमारत अंधारात ठेवून हे चालू ठेवता येतं. एकच लाइन असेल तर नवजात बाळांना ऊब देणारे चार वॉर्मर चालवायला सगळ्या इमारतीला वीज द्यावी लागते. हे काम शांतता असतानाच करून ठेवायचं असतं आणि त्याला फारसा पैसाही लागत नाही. तरीही ते राहून जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

ऑक्सिजनचंही तसंच. मोठ्या सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू असतो. मिनिटाला ५ लिटर लागणाऱ्या एका रुग्णाला तो २३ तास पुरतो. असे दहा रुग्ण असतील तर रोज दहाहून जास्त सिलिंडर, आणि ते भरायचं केंद्र समोरच्या बाजूच्या ताब्यात. कॉन्सन्ट्रेटर हवेतूनच ऑक्सिजन काढतो, पण त्याला अखंड वीज लागते. विजेचा दाब वरखाली झाला किंवा फिल्टर तुंबला की यंत्र गुरगुरत राहतं, पण बाहेर पडणाऱ्या ऑक्सिजनचं प्रमाण उतरलेलं असतं. त्यामुळे शुद्धता मोजायचं छोटं यंत्र आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर यांच्याशिवाय कॉन्सन्ट्रेटर पाठवणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

पाण्याचे मानक आकडे पाठ असावेत असे आहेत. बाह्यरुग्णाला दरडोई ५ लिटर, भरती रुग्णाला रोज ४० ते ६०, प्रत्येक शस्त्रक्रियेला किंवा बाळंतपणाला १००, कॉलराच्या रुग्णाला रोज ६० लिटर. शंभर खाटांच्या रुग्णालयाला रोज किमान पाच-सहा हजार लिटर हवेत. पंप बंद पडला की आधी हात धुणं बंद होतं, मग फरशी, मग चादरी, मग उपकरणांचं निर्जंतुकीकरण. रुग्णालय सुरू असतं, पण तिथे जाणाराच आजारी पडायला लागतो.

डायलिसिसच्या रुग्णांचं दुखणं इथेच सुरू होतं. चार तासांच्या एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर शुद्ध द्राव लागतो, आणि तो बनवताना यंत्र बरंच पाणी फेकून देतं, म्हणून कच्चं पाणी त्याच्या दुप्पट धरावं. आठवड्यातून तीनदा होणारं डायलिसिस टंचाईत दोनदा करतात, चार तासांचे तीन करतात. त्या काळात रुग्णाला पाणी आणि मीठ कमी, पोटॅशियम जास्त असलेली केळी, टोमॅटो, बटाटा टाळायचा, हे शिकवणं औषधाइतकंच महत्त्वाचं आहे. अजिबात डायलिसिस न मिळाल्यास बहुतेकांकडे एक-दोन आठवडेच असतात. आणखी एक धोका फारच थोड्यांना माहीत असतो. साथ टाळण्यासाठी टँकरच्या पाण्यात क्लोरीन वाढवतात, आणि ते बरोबरच आहे. पण तेच पाणी डायलिसिस केंद्रात गेलं आणि तिथला कार्बन फिल्टर संपलेला असेल, तर क्लोरीन थेट रक्ताशी भिडून तांबड्या पेशी फोडतं. टँकर भरणाऱ्याने डायलिसिस केंद्राला फोन करायचा आणि केंद्राने प्रत्येक पाळीआधी पाण्यातलं क्लोरीन तपासायचं, एवढीच काळजी पुरते.

इन्सुलिनवर जगणाऱ्या मुलाकडे, इन्सुलिन पूर्ण थांबलं तर, काही दिवसच असतात. इन्सुलिनला फ्रिज लागतो हे खरं, पण फ्रिज नाही म्हणून कुपी फेकून देऊ नये. वापरात असलेली कुपी सावलीत, ओल्या मडक्यात किंवा ओल्या कापडात ठेवली तर साधारण चार आठवडे वापरता येते. २५ ते ३७ अंशांत वरखाली होणाऱ्या तापमानातही इन्सुलिन चार आठवडे टिकतं असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. तो केनियातल्या निर्वासित छावणीतल्या घरांच्या तापमानावर बेतलेला होता. बर्फाला थेट चिकटवून ठेवणं मात्र घातक, कारण गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. त्याहून मोठा धोका मदतीच्या खोक्यांत असतो. इन्सुलिन १०० युनिट प्रति मिलिलिटरचं आणि सोबतच्या सिरिंजा ४० युनिटच्या खुणांच्या, असं दोन देणगीदारांकडून आलं तर नेहमीच्या खुणेपर्यंत भरणाऱ्या आईकडून मुलाला अडीचपट डोस जातो. खोकं उघडताच कुपीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा जुळतो का हे पाहिलंच पाहिजे.

दीर्घ आजारांना मदतीच्या यादीत जागा फार उशिरा मिळाली. १०,००० लोकांना तीन महिने पुरेल असा आणीबाणीचा आरोग्यसंच कित्येक वर्षांपासून आहे. त्याचा भर हगवण, न्यूमोनिया, मलेरिया, जखमा यांवर. रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार यांच्यासाठीचा तेवढ्याच लोकसंख्येचा वेगळा संच जागतिक आरोग्य संघटनेने तयार केला तो सीरियासारख्या, उतारवयातली माणसं बरीच असलेल्या देशांत युद्ध पेटल्यानंतर. क्षयरोगाचे सहा महिने आणि एचआयव्हीचे आयुष्यभराचे उपचार यांसाठी मार्ग एकच: पळायची वेळ येण्याआधी रुग्णाच्या हातात दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या आणि औषधांची नावं, मात्रा, सुरू केल्याची तारीख लिहिलेलं कार्ड. कार्डावर आजाराचं नाव मोठ्या अक्षरांत लिहू नये. नाक्यावर ते कोण वाचेल याचा नेम नसतो.

लसीकरणात वेळ वर्षांत मोजतात, म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होतं. गोवर रोखायला ९५ टक्क्यांच्या वर मुलं संरक्षित असावी लागतात. दाटीच्या छावणीत पहिल्या काही दिवसांतच ६ महिने ते १५ वर्षांच्या मुलांना गोवराची लस आणि त्यांतल्या पाच वर्षांखालच्यांना जीवनसत्त्व अ द्यावं, हा नियम त्यातूनच आला. नऊ महिन्यांआधी दिलेला डोस मोजायचा नाही, तो पुन्हा द्यायचा. सीरियात १९९९ नंतर पोलिओ नव्हता. २०१३ मध्ये देर अझ-झोरमध्ये तो परतला आणि ३६ मुलं पांगळी झाली. गाझात जुलै २०२४ मध्ये सांडपाण्यात विषाणू सापडला आणि ऑगस्टमध्ये दहा महिन्यांच्या बाळाला अर्धांग झालं. २५ वर्षांतला तिथला तो पहिला रुग्ण. सप्टेंबरमध्ये दिवसातले ठरावीक तास लढाई थांबवून पहिल्या फेरीत साडेपाच लाखांहून अधिक मुलांना डोस दिले गेले. पण पोलिओची मोहीम एका फेरीत संपत नाही. सुमारे चार आठवड्यांनी दुसरी फेरी लागते, आणि उत्तर गाझात ती लढाईमुळे लांबलीच.

अशी शस्त्रसंधी नवी नाही. एल साल्वादोरमध्ये यादवी चालू असताना १९८५ मध्ये युनिसेफ आणि चर्चच्या मध्यस्थीने, काही आठवड्यांच्या अंतराने, तीन दिवस बंदुका थांबल्या. तीन दिवस, कारण तीन डोस. सुदानमध्ये १९९५ मध्ये नारूच्या निर्मूलनासाठी जवळपास सहा महिने युद्ध थांबलं. दोन्हींकडे मागणी नेमकी होती: कोणती तारीख, कोणते रस्ते, कोणाची गाडी. 'मानवतेच्या दृष्टीने लढाई थांबवा' या मोघम आवाहनाला सेनापती होकार देतो आणि काहीच बदलत नाही.

कॉलराबाबत थोडक्यात. येमेनमध्ये २०१७ च्या एप्रिलपासून आलेल्या लाटेत वर्ष संपायच्या आत संशयित रुग्णांचा आकडा दहा लाखांवर गेला. पंप, मैलापाणी केंद्रं आणि कचरा उचलणं बंद पडलेलं होतं, आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना २०१६ पासून नियमित पगार नव्हता. उपचार मात्र सोपे आहेत. पूर्ण कोरड्या पडलेल्या ५० किलोच्या माणसाला पहिल्या अर्ध्या तासात दीड लिटर आणि पुढच्या अडीच तासांत साडेतीन लिटर रिंगर लॅक्टेटचं सलाईन शिरेतून, मग क्षारसंजीवनी. वेळेवर मिळालं तर शंभरात एकही दगावत नाही, न मिळालं तर गंभीर रुग्णांतले निम्मे जाऊ शकतात. म्हणून एका मोठ्या केंद्रापेक्षा चालत जाण्याच्या अंतरावर क्षारसंजीवनी पाजणाऱ्या अनेक जागा जास्त जीव वाचवतात.

पगाराचा उल्लेख ओझरता केला, पण माझ्या मते तो मुख्य मुद्द्यांपैकी आहे. पगार थांबला की नर्स आधी अर्धा दिवस येते, मग फी मागू लागते, मग स्थलांतर करते. मदतसंस्था जास्त पगार देऊन तिला आपल्याकडे घेतात तेव्हा सरकारी केंद्र आणखी रिकामं होतं. फी सुरू झाली की गरीब रुग्ण उशिरा येतो, म्हणजे पुन्हा तास वाढले. कोणत्याही मदत-आराखड्यात औषधांच्या आधी स्थानिक कर्मचाऱ्यांचा वेळेवर आणि सगळ्यांना सारखा भत्ता असायला हवा.

भीतीचंही तसंच. सीरियात जुलै २०१२ मध्ये आलेल्या दहशतवादविरोधी कायद्याने विरोधकांच्या भागात उपचार करणं हाच गुन्हा ठरवला गेला. जखमी माणूस रुग्णालयात गेला की पकडला जाईल हे कळल्यावर तो घरातच राहतो. कॉंगोच्या पूर्व भागात २०१८ ते २०२० च्या इबोला साथीत २,२०० हून अधिक माणसं गेली. तिथे लस होती, उपचार होते, पैसाही होता. पण वर्षानुवर्षं कत्तली सोसताना ज्यांच्याकडे कोणी फिरकलं नव्हतं, त्यांच्या दारात अचानक सशस्त्र पहाऱ्यासह पथकं आली आणि लोकांनी दारं लावून घेतली. २०१९ मध्ये उपचारकेंद्रंही जाळली गेली. सैनिकांचा पहारा घेऊन गेलेलं लसीकरण पथक एका दिवसापुरतं सुरक्षित असतं, पण पुढच्या वर्षभरासाठी ते एका बाजूचं ठरतं.

कायदा काय सांगतो? १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं १८ वं कलम नागरी रुग्णालयांना संरक्षण देतं. १९ वं सांगतं की ते संरक्षण संपतं फक्त रुग्णालयातून शत्रूला घातक कृत्यं झाली तर, आणि तेही आधी इशारा आणि योग्य असेल तिथे मुदत देऊन. त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय की जखमी सैनिकांवर उपचार होतात किंवा त्यांच्याकडून काढून घेतलेली लहान शस्त्रं आवारात सापडली, एवढ्यावरून संरक्षण जात नाही. हे वाक्य प्रत्येक रुग्णालय-प्रमुखाला तोंडपाठ हवं. तरीही ती शस्त्रं आत ठेवूच नयेत: फाटकापाशी नोंद करून घ्यावीत, कुलपात ठेवावीत, शक्य तितक्या लवकर सोपवावीत. आवारात गणवेशातले सशस्त्र लोक, लष्करी गाडी किंवा अँटेना नको. मे २०१६ मध्ये सुरक्षा परिषदेने २२८६ क्रमांकाचा ठराव करून हेच पुन्हा बजावलं, पण हल्ले थांबले नाहीत. रुग्णालयाचं ठिकाण लढणाऱ्यांना कळवावं की नाही हा प्रश्नही उघडाच आहे. सीरियात ठिकाणं कळवलेल्या रुग्णालयांवरही हल्ले झाले आणि काहींनी कळवणं थांबवलं. ज्यांनी थांबवलं त्यांना मी दोष देऊ शकत नाही.

हल्ल्याची नोंद त्याच दिवशी व्हावी: वेळ, नेमकी जागा, कोणती सेवा बंद पडली आणि किती दिवस. शेवटचे दोन रकाने बहुतेक अहवालांत रिकामे असतात. जागतिक आरोग्य संघटना डिसेंबर २०१७ पासून अशा हल्ल्यांची नोंद ठेवते, पण हल्ला कोणी केला हे ती लिहीत नाही.

लढाई थांबली म्हणून हे तास लगेच कमी होत नाहीत. दवाखान्याच्या रस्त्यावर सुरुंग असतात. भूलतज्ज्ञ परदेशात स्थिरावलेला असतो, आणि नवा घडवायला दहा वर्षं जातात. संघर्षाच्या छायेत राहिलेल्या दर पाचांतल्या एकाला मानसिक आजार असतो असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, त्यामुळे प्राथमिक केंद्रातल्या नर्सलाच नैराश्य ओळखायला शिकवावं लागतं. पण पहिल्याच आठवड्यात करता येण्यासारखं एक काम आहे: चुकलेल्या लसी. कार्ड हरवलेल्या मुलाला 'आधी डोस झाला की नाही माहीत नाही' म्हणून परत पाठवू नये. लेखी नोंद नसेल तर डोस झालेला नाही असं धरून द्यावा. गोवर-पोलिओचा एक डोस जास्त झाला तर अपाय होत नाही. वयाची अट पाच वर्षांपर्यंत तरी सैल ठेवावी, कारण वेढ्यात जन्मलेलं मूल पहिल्या लसीला येतं तेव्हा कधी कधी ते चालत येतं. आणि त्याच टेबलावर, त्याच दिवशी, आईचा रक्तदाबही मोजून घ्यावा.